आत्यानं मागितलेला भाव

मिकाएरे काका राष्ट्राध्यक्ष झाल्यावर पहिल्यांदाच नोनोउतीला, आमच्या बेटावर, घरी येणार होता, आणि आमच्या घरात तीन दिवस डुकरांवरून वाद चालला होता. आई म्हणे, दोन पुरेत. बाप म्हणे, अख्ख्या देशाचा कारभारी येतोय, चार तरी मारू. शेवटी रोतिया आत्या आली, केवड्याच्या पानांचा भारा दारात टाकला आणि बापाला म्हणाली, "तोआनी, डुकरं तुझी आहेत का?"

डुकरं आईच्या माहेरची होती. तीन मारायची ठरली.

डुकरं हे आपलं निमित्त. तिघांच्याही डोक्यात खोबऱ्याचा भाव होता आणि त्याबद्दल कोणी कोणाशी सरळ बोलत नव्हतं. आमच्या घराण्याची ही जुनी खोड आहे.

भावाची गोष्ट अशी. गेल्या वर्षी काका निवडणुकीला उभा होता तेव्हा बेटाबेटांवर फिरत आमच्या मनेआबात आला होता. गावातली सगळी घराणी त्या एका मोठ्या छपराखाली आपापल्या ठरलेल्या जागेवर बसतात, आणि तिथं बोललेलं कोणाला विसरता येत नाही. म्हातारे बोलून झाले, काका बोलून झाला, आता जेवणं वाढायची, तेवढ्यात बायकांच्या मागच्या रांगेतून आत्या उठली. आमच्याकडे बाईला काही म्हणायचं असेल तर ती पुढच्या पुरुषाच्या कानात सांगते आणि तो बोलतो. आत्यानं कोणाच्या कानात सांगितलं नाही.

"मिकाएरे, आई गेली तेव्हा तू नऊ दिवसांचा होतास. तुला मी वाढवलं. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. आज बुबुती करते. खोबऱ्याचा भाव दुप्पट कर."

बुबुती म्हणजे आपल्या माणसाकडे हक्कानं मागणं. कोणी होडी मागतं, कोणी नवीकोरी लुंगी, कोणी बापाच्या अंगावरचा शर्ट. नाही म्हणायचं नसतं. जो म्हणतो त्याच्या घरी मग लग्नालासुद्धा कोणी जात नाही. काकानं ना कागद काढला ना पेन्सिल. डोळ्याची पापणी लवायच्या आत म्हणाला, "दिला, अक्का."

पुढच्या बेटावर लोक म्हणाले, नोनोउतीला दिलास, आम्ही काय घोडं मारलंय? तिथंही दिला. असं करत करत तो राजधानीला, तारावाला, पोचेपर्यंत ते साऱ्या पक्षाचं वचन झालं होतं. तो निवडून आला, आणि पहिल्याच आठवड्यात, मंत्र्यांना धड खुर्च्याही मिळाल्या नव्हत्या तेव्हा, त्यानं दुप्पट भावाच्या कागदावर सही केली.

आत्याला खोबऱ्याचं काय पडलं होतं? एकट्या बाईला दोन नारळ पुरतात. तिला उरिआम हवा होता. तिचा एकुलता एक मुलगा अकरा वर्षं तारावाच्या धक्क्यावर जहाजांचा माल उतरवत होता. तिथंच त्यानं लग्न केलं, दोन मुली झाल्या. सासरच्या घराला टेकून उभारलेल्या पत्र्याच्या खोलीत चौघं राहत होती. धाकटी नात आत्यानं फोटोतच पाहिली होती. आपल्या माडांच्या खोबऱ्यावर घर चालेल एवढा भाव मिळाला तर पोरगा येईल, हा तिचा साधा हिशेब. आणि तो खरा ठरला. सही झाल्यावर दोन महिन्यांत उरिआम बायकापोरींसकट विमानातून उतरला. आत्या त्या दिवशी नुसती त्याच्या मागे मागे चालत होती.

आता बाकीचं सांगते, कारण माझ्या बापाची बाजू मी झाकणार नाही. अकरा वर्षं उरिआमच्या वाटणीचे नारळ माझा बाप वेचत होता. उरिआम आला आणि ते माड परत द्यावे लागले. बापानं दिले, हसून दिले, आणि तेव्हापासून त्याच्या पोटात दुखतंय. त्याला भाव दुप्पट हवा होता आणि उरिआम तारावात हवा होता. दोन्ही एकदम कसं मिळणार, हे त्याला समजावून सांगायची माझी हिंमत नाही.

आईचं वेगळंच. माडाची पोय, म्हणजे फुलोरा, बांधून माडी काढली की त्या पोयीला नारळ धरत नाही. भाव वाढल्यावर गावातल्या सगळ्यांनी पोया सोडून दिल्या. माझा बाप पन्नास वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ माडावर चढायचा आणि वर बसून मोठ्यानं गायचा. सगळेच गायचे, या माडावरून एक, त्या माडावरून दुसरा, कोणाचा सूर लागला नाही की खालून बायका हसायच्या. चार महिने झाले, एक आवाज नाही. पोरांना ताजी गोड माडी पाजायची ती बंद, आता दुकानातली साखर पाण्यात ढवळून देतात. मी शाळेत शिकवते. माझ्या वर्गात बेचाळीस मुलं; खोबरं फोडायच्या दिवशी एकोणीस येतात. तरी हातात पैसा आहे म्हणून गाव खूश होतं, आणि कोणी तक्रार केली की लोक आत्याकडे बघायचे.

त्यात रेडिओवर बातमी आली की पुढच्या सोमवारी संसद भरतेय आणि खोबऱ्याच्या भावाचा "फेरविचार" होणार आहे.

काका येणार त्या सकाळी उरिआम आमच्याकडे आला. आत्या ओसरीत चटई विणत बसली होती. बाप नारळ सोलत होता.

"आई," उरिआम म्हणाला, "तू फक्त उभी राहा. 'मी मागितलं होतं, तू दिलं होतंस' एवढंच म्हण. मग मामाला भाव उतरवता येणार नाही."

"बरोबर बोलतोय," बाप म्हणाला. "अक्का, तुझ्यासारखी अजून कोणाचीच त्याला भीती नाही. त्याच्या मंत्र्यांचीसुद्धा नाही."

"तुला रे कधीपासून उरिआमचं इतकं पटायला लागलं?" आत्यानं मान वर न करता विचारलं.

"मी काय त्याचा वैरी आहे?"

"मी तसं कुठं म्हटलं?"

उरिआम ओसरीच्या काठावर बसला. चार महिन्यांत तो काळा आणि रोड झाला होता, पण चेहरा सैल झाला होता. त्यानं खोबरं वाळवायची नवी माच बांधली होती, आणि बाबाईच्या कंदांसाठी खड्डा खणायला घेतला होता. बाबाईला मोठं व्हायला वर्षं लागतात. जाणारा माणूस तो खड्डा खणत नाही. "धक्क्याचा मुकादम म्हणतो महिनाअखेर आलास तर जागा आहे," तो हळूच म्हणाला. "जुन्या भावात चार तोंडं भागत नाहीत, आई. मी हिशेब करून बघितला आहे. तू बोललीस तर मी राहतो."

आत्याचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू लागले. "बघू," ती म्हणाली.

उरिआम आणि बाप डुकरांच्या भट्टीकडे गेले तशी आई आतून आली. इतका वेळ ती कुडाआड उभी राहून ऐकत होती, हे मी पाहिलं होतं.

"वन्सं, रागावू नका," आई म्हणाली. "पण भाव उतरला तर मला बरंच वाटेल. आपल्या तिराच्या वर्गाची काय दशा झालीय बघा. आणि हे? हे माणूस संध्याकाळी नुसतं माडाकडे बघत बसतं. गायचं विसरलं. मला त्यांचं गाणं कधी आवडलं नव्हतं, पण आता काय करू, आठवण येते."

आत्या हसली. आईच्या आणि तिच्यामध्ये तीस वर्षं एक डेगची आणि एक विहीर यांवरून अबोला चालू होता; त्या दिवशी पहिल्यांदा दोघी एका बाजूला बसलेल्या मी पाहिल्या. पण आत्यानं आईलाही "बघू" एवढंच सांगितलं.

विमान दहाला आलं. काकाबरोबर एक चिटणीस आणि एक पोलीस, दोघंही घामाघूम. गावानं त्याच्या डोक्यावर फुलांचा मुकुट ठेवला, गळ्यावर मानाची पावडर फासली, अत्तर फवारलं. मनेआबातला कार्यक्रम दुपारी होता. काका म्हणाला, तोवर मी अक्काकडे जरा पडतो. चिटणीसाला त्यानं आमच्या बापाच्या तावडीत दिलं.

पुढचं मी पाहिलं नाही. काही काकानं मला फार नंतर सांगितलं, काही आत्यानं.

आत्याच्या घराला भिंती नाहीत; खांबांवर उभा माचा, वर पाल्याचं छप्पर. काका बूट काढून वर चढला आणि चटईवर उताणा झोपला. आत्यानं उकडलेला मासा आणि भात पुढे ठेवला. तो उठून हातानं खाऊ लागला. तिनं पाहिलं, तो अजूनही डोकं आधी खातो.

"तारावात मला काय म्हणतात माहीत आहे?" तो म्हणाला. "खोबरे साहेब."

"कोण म्हणतं?"

"सगळे. तोंडावर नाही म्हणत."

"नाव वाईट नाही."

तो हसला आणि मग हसेनासा झाला. त्याला सांगायचं होतं ते असं: पहिल्या आठवड्यात एक सही केली, आणि पुढचे सगळे आठवडे त्या सहीची चाकरी करण्यात गेले. जो मंत्री यायचा त्याला एकच उत्तर, खोबऱ्याचं भागलं की बघू. यंदा मासा पश्चिमेकडे सरकला, परदेशी बोटींनी आपल्या पाण्यात मासेमारीचे दिवस कमी विकत घेतले, तिजोरीत येणारं निम्मं झालं. तज्ज्ञ म्हणत होते, जुनी गंगाजळी मोडा. ती बापजाद्यांनी पोरांसाठी ठेवलेली. ती मोडायला त्याचा हात धजेना. मग एक एक गोष्ट रद्द झाली. शेवटी दवाखान्याची बोट रद्द झाली. दक्षिणेकडच्या बेटांवरून अडलेल्या बाया आणि आजारी माणसं तारावाला न्यायची बोट. तो निवडणुकीच्या आधी दहा वर्षं तिच्यासाठी भांडत होता. राष्ट्राध्यक्ष व्हायचं होतं ते खरं तर त्या बोटीसाठी.

यातलं त्यानं आत्याला फक्त बोटीचं सांगितलं.

"तू तर म्हणायचास पहिली ती बोट आणीन," आत्या म्हणाली.

"म्हणायचो."

"मग?"

"काही नाही, अक्का. मासा छान झालाय."

आत्याला सगळं कळलं. नऊ दिवसांचा असल्यापासून पाहिलेलं माणूस. त्याला काही मागायचं असलं की तो जेवणाचं कौतुक करतो. ती वाट पाहत राहिली. त्यानं मागितलं असतं तर तिनं तिथंच दिलं असतं, असं ती मला म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं तेव्हा म्हणाली, "बरं, नसतं दिलं. भांडले असते आधी."

तेवढ्यात उरिआमची धाकटी माच्यावर चढली. तिला हा माणूस कोण हे ठाऊक नव्हतं. ती सरळ काकाच्या मांडीवर बसली आणि त्याच्या मुकुटातली फुलं एक एक करून काढायला लागली. आजीनं रागावलं तर म्हणाली, "आजी, मी इथलीच आहे, मला विचारायला लागत नाही."

काका म्हणतो, त्या एका वाक्यानं त्याचं मागायचं राहून गेलं. ती पोरगी तिथली कशी झाली हे त्याला ठाऊक होतं. त्यानं उरलेला भात संपवला, मुकुट तिच्या डोक्यावर ठेवला आणि पुन्हा आडवा झाला. "लहानपणी तू मला इथं वारा घालायचीस," तो छपराकडे बघत म्हणाला. "आता झोपच लागत नाही मला, अक्का. कुठंच." आत्यानं पंखा घेतला. दोघं तशीच राहिली, आणि तिला खोटं वाटेल इतकं सुख झालं. भाऊ परत भाऊ झाला होता. तेवढ्या अर्ध्या तासापुरता.

दुपारी मनेआबा खचाखच भरलं होतं. पाहुण्यांची जागा मधल्या खांबापाशी. तिथं काका, चिटणीस आणि पोलीस. आमच्या घराण्याची जागा पूर्वेच्या कडेला. पुढे बाप आणि उरिआम, मागे आत्या, आई, मी, उरिआमची बायको आणि मुली. म्हाताऱ्यांची भाषणं झाली. पाऊस, पूर्वज, होड्या, पुन्हा पूर्वज. चिटणीसानं टंकलेलं भाषण काकाच्या हातात दिलं. काका उभा राहायच्या आत माझा बाप उभा राहिला.

बापाची पाळी नव्हती. पण भाऊ राष्ट्राध्यक्ष असला की माणसाला पाळी कशाला लागते?

"मिकाएरे," बाप हसत हसत म्हणाला, "रेडिओवर आम्ही काय काय ऐकतो. लोक म्हणतात भाव उतरणार. मी सगळ्यांना सांगितलं, आमच्या घराण्यात शब्द फिरवणारा अजून जन्मला नाही. बरोबर सांगितलं ना?"

सगळीकडून माना डोलल्या. कोणीतरी मागून म्हणालं, "आता बोल, खोबरे साहेब," आणि पुरुषांत हशा पिकला. बाप बसला. बसताना त्यानं वळून आत्याला डोळ्यानं खुणावलं, आता तुझी पाळी. उरिआमनंही मान वळवली. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला बघवेना. एवढा बाप्या माणूस, शाळेच्या निकालाला उभा असल्यासारखा दिसत होता.

आत्या उठली नाही.

काकानं हातातलं भाषण बघितलं. पहिलं पान, दुसरं पान. मग ते चिटणीसाकडे परत दिलं, पाहुण्यांच्या जागेवरून उठला आणि सगळ्यांच्या मधून चालत आमच्या घराण्याच्या जागेवर आला. राष्ट्राध्यक्षानं असं पाहुण्यांची जागा सोडून जायचं नसतं. म्हातारे कुजबुजायला लागले. तो बापाच्या आणि उरिआमच्या मधून मागे आला आणि आत्याच्या पुढ्यात मांडी घालून बसला.

"अक्का," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण तोवर सगळं छप्पर गप्प झालं होतं. "गेल्या वर्षी इथंच तू माझ्याकडे मागितलंस आणि मी दिलं. आज मी तुझ्याकडे बुबुती करतो. मी दिलेला शब्द मला परत दे."

आमच्यात ज्यानं मागितलं त्याच्याकडे उलटून मागता येतं. म्हणून शहाणी माणसं जपून मागतात. पण देशाच्या राष्ट्राध्यक्षानं भर मनेआबात आपल्या बहिणीसमोर हात पसरावा, हे कोणी पाहिलं नव्हतं. आईनं माझा दंड घट्ट धरला.

"आई," उरिआम म्हणाला.

आत्यानं त्याच्याकडे बघितलं. मग नातींकडे. धाकटीच्या डोक्यावर तो मुकुट अजून होता, फुलं बरीचशी गेलेली. आत्या मला म्हणाली, "मला वाटलं, नाही म्हणावं. लोक लग्नाला येणार नाहीत तर न येवोत, आता कोणाची लग्नं राहिलीत माझ्या घरात? खरंच म्हणणार होते. मग मिकाएरेकडे बघितलं. त्याचे केस पिकलेत तिरा, सहा महिन्यांत. आणि ते मी पिकवले होते."

"घे," आत्या म्हणाली. "दिला परत."

काकानं मान खाली घातली. तो उठायला लागला तसा आत्यानं त्याचा हात धरला. "थांब. आता यांना त्या बोटीचं सांग, मला सांगत होतास ते. कागद नको. असंच सांग."

आणि त्यानं सांगितलं. तिथंच, आमच्या घराण्याच्या चटईवर उभं राहून, कोणत्याही भाषणाशिवाय. कोणती बोट, कोणत्या बेटांसाठी, का रद्द झाली. भाव जुना होणार नाही, पण दुप्पटही राहणार नाही, निम्मी वाढ परत घेतली जाईल. बोट वर्षभरात येईल. नाही आली तर मला पुन्हा मत देऊ नका. लोक चिडले नाहीत असं मी म्हणणार नाही. दोन म्हातारे पाठ फिरवून बसले. एकानं विचारलं, "हे गेल्या वर्षी कळत नव्हतं तुला?"

"कळत होतं," काका म्हणाला. "पण मागणारी अक्का होती."

त्यावर मात्र लोकांना हसावंच लागलं. आमच्याकडे प्रत्येकाला कोणीतरी अक्का आहे. मागच्या रांगेतून एक बाई उठली, पश्चिमेच्या वाडीतली. तिची अडलेली सून मागच्या वर्षी विमानाची वाट बघता बघता गेली. नुसती काकापाशी आली, पावडरीचा डबा उघडला आणि त्याच्या गळ्यावर पावडर लावून आपल्या जागी जाऊन बसली. त्यानंतर पाठ फिरवलेले म्हातारेही हळूहळू वळले.

त्या सोमवारी संसदेत काका बोलला ते भाषण सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचा कारभार खरा त्या दिवसापासून सुरू झाला असं लोक म्हणतात. म्हणोत. मला विचाराल तर तो आदल्या गुरुवारी, आमच्या चटईवर सुरू झाला, आणि त्याची किंमत तिथं बसलेल्या एकाच बाईनं मोजली.

कारण जेवणाच्या पंगतीत, तोंडात डुकराचा घास असताना, माझ्या बापानं उरिआमला विचारलं, "मग, तू जाणार का रे परत?" आईनं त्याला कोपरानं असा ढोसला की त्याचा घास सांडला. बाप म्हणाला, "मी आपलं विचारलं." नंतर तो कितीतरी वेळ मान खाली घालून जेवला. मला वाटतं त्यालाही वाईट वाटत होतं. माडांचा विचार त्याच्या मनात आधी आला आणि वाईट नंतर वाटलं, एवढंच.

दीडपट भावातही चार तोंडं भागणार नव्हती; तरी उरिआमनं दोन दिवस काहीच ठरवलं नाही असं दाखवलं. शुक्रवारी त्याच्या बायकोनं मुलींची शाळेची वह्यापुस्तकं माझ्याकडून मागून नेली. तेव्हा मला कळलं. शनिवारच्या विमानात चार जागा होत्या.

धावपट्टीवर मी आत्याबरोबर गेले. वारा सुटला होता, समुद्राचं पाणी दोन्हीकडून दिसत होतं. मुली आईचा हात धरून विमानाकडे निघाल्या होत्या. वैमानिक सामान मोजत होता. उरिआम मागे राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं आणि ते त्याला जड जात होतं.

"आई, एक विचारू?"

"विचार."

"तू मामाकडे भाव मागितलास. साऱ्या देशाचा भाव फिरवलास. माझ्याकडे का नाही मागितलंस?"

आत्यानं विमानाकडे जाणाऱ्या मुलींकडे बघितलं.

"अकरा वर्षांत एकदाही म्हणाली नाहीस, ये म्हणून. मी तिथं वाट बघायचो. कोणी नोनोउतीहून आलं की विचारायचो, आईनं काही निरोप दिलाय का? लोक म्हणायचे, बरी आहे, मासा वाळवून पाठवलाय. तू नुसतं मागितलं असतंस तर मी पोहत आलो असतो."

"ठाऊक आहे मला."

"मग आता माग. अजून वेळ आहे. पोरींना मागे बोलावतो. भावाचं बघू काहीतरी, अर्धपोटी राहू. तू बुबुती कर. मी नाही म्हणू शकणार नाही."

"म्हणूनच मागत नाही," आत्या म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. विमानाचे पंखे फिरायला लागले, वैमानिकानं हात केला, तरी तो हलला नाही. तो अजून वाट बघत होता, ते मला दिसत होतं आणि तिलाही दिसत होतं. आत्या पुढे झाली. त्याच्या शर्टाची गळ्याजवळची गुंडी सुटली होती ती तिनं लावली, आणि हात तिथंच जरा वेळ ठेवला.

"जा," ती म्हणाली. "पोरी उन्हात उभ्या आहेत."